यकृत जागा सोडत नाही

अहिल्यानगर
२ डिसेंबर २०२४

ताई,

हे पत्र हॉटेलच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तुझ्या घराचा पत्ता मला माहीत नाही. मागच्या महिन्यात तुमच्या रिसेप्शनला फोन केला होता. माझं नाव ऐकून तू "राँग नंबर" म्हणालीस आणि ठेवून दिलास. आवाज तुझाच होता. तक्रार नाही, नोंद आहे.

कामाचं सांगते. आईला दिवाळीच्या आधीपासून ताप येतो. फार नाही, पण संध्याकाळी चढतो आणि घाम येऊन उतरतो. वजन उतरलंय, धाप लागते. मी रविवारी मिरजगावला जाते तेव्हा ती ठणठणीत असते, चुलीपुढे बसून मलाच वाळलीस म्हणते. त्यामुळे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

मी आता नगरला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात. आमच्या फिजिशियन मॅडमनी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तिच्या हृदयाच्या एका झडपेचा आवाज बरोबर येत नाही. लहानपणी तिचे सांधे सुजले होते, तेव्हाच्या आजारात ती झडप खरखरीत झाली असणार. इतकी वर्षं निभावलं. आता सोनोग्राफीत त्या झडपेवर बारीक गाठीसारखं काही दिसतंय. मॅडमचा अंदाज असा की तिथे जंतू बसलेत.

ते आले कुठून, याचा अंदाज मला आहे. आई मशेरी लावते, तुला माहीत आहे. सकाळी, जेवणानंतर, आणि कुणाशी भांडण झालं की. तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. रक्ताला बाहेर यायला वाट आहे, म्हणजे जंतूंना आत जायलाही आहे. असे थोडे जंतू तुझ्यामाझ्याही रक्तात दात घासताना जातात. यकृत त्यांना काही मिनिटांत काढून टाकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आईच्या बाबतीत काही जण वाटेत त्या खरखरीत झडपेला चिकटले.

उपचार आहे. पण कुठला जंतू ते कळलं तर नेमकं औषध देता येतं. नाही कळलं तर अंदाजाने दोन-तीन जड औषधं द्यावी लागतात, आणि आईची किडनी आधीच फारशी चांगली नाही. तोवर झडप झिजत राहते. तिचा तुकडा सुटून मेंदूकडेही जाऊ शकतो. म्हणून रक्त घेऊन वाढीच्या बाटल्यांत घातलं होतं. पाच दिवस ठेवलं. काही वाढलं नाही.

तुला कळवावं असं मॅडम म्हणाल्या. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ज्ञानेश्वरी


अहिल्यानगर
८ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र मिळालं. नंबर दिला नाहीस. ठीक आहे, स्पीड पोस्ट शिर्डीहून दुसऱ्या दिवशी पोचतं.

तू लिहिलंस, "पाच वर्षांनी पत्र पाठवलंस, तेही लिव्हरबद्दल." एकूण एकच वाक्य यकृताबद्दल होतं. पण तुझे प्रश्न क्रमाने घेते.

आई मरणार आहे का? उपचार झाले नाहीत तर होय. वेळेवर नेमके झाले तर बहुतेक नाही. यापेक्षा जास्त खात्रीने मला सांगता येणार नाही.

अण्णा काय म्हणतात? अण्णा म्हणतात, "डाक्टरला काय कळतंय, थंडीचे दिवस हायेत." मग गोठ्यात जाऊन उगाच गाईला ओरडतात. तुझ्याबद्दल विचारत असशील, तर ते तुझं नाव घेत नाहीत आणि कोणी घेतलं तर उठून जात नाहीत. तुझ्या लग्नानंतरची पहिली वर्षं जायचे.

तिसरा प्रश्न, "लिव्हर म्हणजे दारू पिणाऱ्यांचं बिघडतं तेच ना, त्याचा जंतूंशी काय संबंध?" हा मला आवडला.

बी.एस्सी.ला मलाही असंच वाटायचं. यकृत म्हणजे पित्त, साखर, पचन. मग एम.एस्सी.ला आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. जिवंत उंदराचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. त्याच्या शेपटीतून जंतू सोडले, चमकणारे, हिरवे. मला वाटलं होतं ते सगळीकडे पोहत जातील. पडद्यावर रक्ताच्या बारीक गल्ल्या दिसत होत्या. एक हिरवा ठिपका आला, वाहत वाहत, आणि एका जागी थांबला. मग दुसरा आला आणि थांबला. कोणीतरी त्यांना धरत होतं. थोड्याच मिनिटांत प्रवाह जवळजवळ काळा झाला आणि गल्ल्यांच्या कडेला हिरवे पुंजके उरले. मी तो पुन्हा लावायला सांगितला. सर म्हणाले, "इंटरव्हल नाही यात."

धरणाऱ्यांना कुप्फर पेशी म्हणतात. रक्तात फिरणाऱ्या लढाऊ पेशी वेगळ्या, त्या हिंडतात, जिथे दुखतं तिथे जातात. या कुठे जात नाहीत. यकृतातल्या त्या अरुंद गल्ल्यांच्या भिंतीला धरून बसतात आणि आपले हात प्रवाहात सोडून ठेवतात. तिथे रक्त संथ होतं. हृदय जेवढं रक्त ढकलतं, त्याचा साधारण पाव हिस्सा दर फेरीला इथून जातो. आतड्यांकडून येणारं रक्त तर आधी इथेच येतं. म्हणजे जंतूंच्या मागे धावायची गरजच नाही. रक्तात आहेत ना, मग आज ना उद्या या गल्लीतून जाणारच.

त्या जंतूंना ओळखतात कशा, हेही सांगते. रक्तात काही प्रथिनं असतात, ती जंतूच्या अंगाला जाऊन चिकटतात, लग्नात अक्षता चिकटतात तशी. पेशीचा हात त्या प्रथिनांना ओळखतो. धरलं की ती त्याला आत घेते आणि विरघळवते. काही जंतूंच्या अंगावर बुळबुळीत वेष्टण असतं. त्यांतले काही निसटतात, मग ते प्लीहेला सांभाळावे लागतात. पण बहुतेक सगळं काम यकृतातच उरकतं. गाजावाजा नाही, ताप नाही, दुखणं नाही.

आता माझं मत. आईच्या बाटल्यांत काही वाढलं नाही, कारण आपण रक्त घ्यायला उशीर करतो. जंतू रक्तात सुटतात, आणि थंडी वाजून ताप यायला त्यानंतर अर्धापाऊण तास लागतो. तोवर यकृताने झाडून पुसून घेतलेलं असतं. आपण पोचतो तेव्हा सगळं स्वच्छ. यावेळी तिला दुपारीच बोलावलंय. ताप चढायच्या आधी वेगवेगळ्या जागांहून रक्त घेईन. मी स्वतः घेईन.

मला खात्री वाटते आहे.

ज्ञानेश्वरी

ता. क. तुझे मिस्टर कसे आहेत, हे विचारायचं राहिलं.


अहिल्यानगर
१७ डिसेंबर २०२४

ताई,

काही वाढलं नाही.

बाटल्यांच्या यंत्राकडे मी गरजेपेक्षा जास्त वेळा गेले. आमचा टेक्निशियन पार्थ म्हणाला, "मॅडम, पाहून वाढत नाहीत ते." मी त्याला काम दिलं.

मग फिजिशियन मॅडमना माझं मत सांगितलं. उशीर, थंडी, यकृत, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे पित्तनळीच्या आजारात पटलं असतं. झडपेच्या आजारात नाही." मला ते कळायला हवं होतं. झडप रक्ताच्या ऐन प्रवाहात आहे. तिथे बसलेले जंतू थेंबाथेंबाने सतत सुटत राहतात. यकृत धरत राहतं, ते सुटत राहतात. कुठल्याही वेळी रक्त घ्या, थोडे सापडलेच पाहिजेत. आणि मूळ जागेपर्यंत यकृताचा हात पोचत नाही. कुप्फर पेशी जागा सोडत नाहीत. झडपेवर बसलेल्याला त्या काही करू शकत नाहीत, तो सुटून त्यांच्या गल्लीत येईल तेव्हाच.

यकृत मला इतकं आवडलं होतं की सगळं श्रेय मी त्यालाच देऊन बसले.

तुझ्या दुसऱ्या पत्रात तू विचारलंस, "तू लिव्हरबद्दल लिहितेस की आईबद्दल? जवळ आलं की धरेल, आपणहून पाऊल उचलणार नाही, ही तर आईच झाली." मी यकृताबद्दलच लिहीत होते. पण वाक्य पुन्हा वाचलं.

आता उरतं ते एकच. जंतू असूनही बाटलीत वाढत नाहीत, म्हणजे रक्त घ्यायच्या आधीच त्यांना काहीतरी मारतं आहे, अर्धवट. म्हणजे औषध. मी आईला विचारलं.

"आई, रक्त द्यायच्या आधी काही औषध घेतलंस का?"

"न्हाई."

"गोळी, इंजेक्शन, काहीही?"

"न्हाई म्हनले ना."

"गावातल्या डॉक्टरांकडे गेली होतीस?"

"मला काय झालंय त्यांच्याकडं जायला? तू हायेस की." आणि मशेरीची डबी उघडली. विषय संपला.

ती खरं सांगत नाही असं मला वाटतं. सिद्ध करू शकत नाही. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "ती माझं ऐकती का, मला सांगून जाईल?" मॅडमना तिला भरती करायचं आहे. आई म्हणते गाय व्यायला झालीय. मॅडमनी सांगितलंय की तब्येत स्थिर आहे तोवर थोडं थांबू, पण आठवडाभर तिच्या अंगात औषधाचा थेंब जाता कामा नये. मग रक्त घेऊ. यावेळीही काही आलं नाही, तर अंदाजाने जड औषधं सुरू करावी लागतील.

एक आठवडा तिच्यासोबत कोणीतरी राहायला हवं. माझी रजा मंजूर झाली नाही. झाली असती तरी उपयोग नव्हता. माझ्यासमोर ती बरी असते.

तू हॉटेलात रोज अशी माणसं बघतेस जी रजिस्टरवर एक सांगतात आणि असतात वेगळीच. तू मला एकदा म्हणाली होतीस, की दोन मिनिटांत कळतं. आता नाताळाची गर्दी असेल, दाजींचाही सण आहे, मला माहीत आहे. अण्णा काय म्हणतील ते मला माहीत नाही. आई काय म्हणेल तेही नाही.

जाशील का?

ज्ञानेश्वरी


अहिल्यानगर
२४ डिसेंबर २०२४

ताई,

ही चिठ्ठी अण्णांच्या हाती देते आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या शेजारी आई कान लावून बसते. परवा रविवारी मला येता आलं नाही म्हणून आपण फोनवर बोलत होतो तर मधेच तिचा आवाज आला, "तिला म्हनाव जेव आधी."

अण्णा पेंड न्यायला नगरला आले होते, म्हणून बोलावून घेतलं. लॅबच्या दारात उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "काय चिठ्ठी हाय म्हनं?"

"ताईला द्यायची."

"बंद करून दे. मला वाचायची न्हाई." मी म्हटलं, लिहून झाली की चिकटवून देते. ते टोपी सारखी करत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तिचे मालक आज एकलेच हायेत का? नाताळ हाय न्हवं उद्या?" मी हो म्हटलं. "मग त्यांना बलवायचं का न्हाई? कळत न्हाई का तुमाला?" आणि गेले, चिठ्ठी न घेताच. फाटकापासून परत आले आणि आता बाहेर बाकावर बसलेत. पुढचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी फक्त ऐकलेलं लिहिलं.

आता कामाचं. परवाच्या फोननंतर मी मॅडमशी बोलले.

मी समजत होते की तुला आईकडून खरं काढून घ्यावं लागेल. तू म्हणालीस, "काढायचं काय, ज्ञाने, तिने मला हाताला धरून नेलं." पहिल्याच संध्याकाळी अंग तापल्यावर ती पदर सारखा करून उठली आणि म्हणाली, "चल, कोपऱ्यापत्तूर जाऊन येऊ. उद्या ज्ञानू यायची." आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसली, सवयीने बाही वर करून. मी येणार त्याच्या आदल्या दिवशी सुई. नगरला रक्त द्यायला यायचं, त्या सकाळी सुई. मॅडम म्हणाल्या, त्या सुईत जंतू मारणारं औषध असणार, म्हणूनच बाटलीत काही वाढत नव्हतं. डॉक्टरांना दोष देणार नाही मी. तिने त्यांना एवढंच सांगितलं होतं की लेकीकडे जायचंय, ताप उतरवून द्या.

मग तू तिला फोन दिलास. तू तिथे होतीस, पण माझी बाजू तुला ऐकू आली नसेल म्हणून लिहिते.

मी म्हटलं, "आई, मी तुला सरळ विचारलं होतं."

"इचारलं हुतंस. पर तू अशी इचारती, जनू पोलिसच."

"मग ताप असताना यायचं ना माझ्याकडे. तेच तर बघायचं होतं."

"तुझ्या हापिसात कन्हत येऊ व्हय? ती समदी पोरं बघत्यात. म्हनतील, ज्ञानूमॅडमची आई बघा कशी झालीया."

ती म्हणाली, "हॅलो? कट झाला जनू," आणि ठेवून दिला. कट झाला नव्हता.

माणसं घरी येणार म्हणून आपण घर झाडून ठेवतो, तसं तिने रक्त झाडून ठेवलं होतं. माझ्यासाठी. आणि मी यंत्रासमोर उभी राहून विचार करत होते की कसं इतकं स्वच्छ.

पुढच्या सोमवारपर्यंत सुई नाही, गोळी नाही. ताप चढला तर कोमट पाण्याने अंग पूस. त्यासाठीही गोळी नको, ती आपल्या मनाने दुसरी काढून घेईल. मशेरी बंद करता आली तर बघ. मला जमलेलं नाही. हातपाय लुळे वाटले, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, झोपून धाप लागली, तर आठवडा मोजत बसू नकोस. गाडी करून थेट ये.

अण्णांनी तू आल्यावर काय म्हटलं ते तू फोनवर सांगितलंस. "स्टँडवरनं चालत आलीस व्हय? फोन करायचा हुता." मी ते दोनतीनदा आठवलं.

ज्ञानेश्वरी


अहिल्यानगर
२ जानेवारी २०२५

ताई,

तू वर तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी तळमजल्यावर. तरी लिहिते आहे, कारण वॉर्डात दाजी आहेत, अण्णा आहेत, आणि आई सगळ्यांना एकाच वेळी सूचना देते आहे. तिथे मला नीट सांगता येणार नाही. पार्थ रिपोर्ट घेऊन वर येतोच आहे, त्याच्याकडे देते.

सोमवारी तू तिला घेऊन आलीस तेव्हा ती खरोखर कन्हत होती. व्हरांड्यात आमची सगळी पोरं होती आणि तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना, माझा हात पहिल्यांदा चुकला. ती डोळे मिटून म्हणाली, "घे दमानं. मी न्हाई पळत."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रात एका बाटलीचा दिवा लागला, म्हणजे आत काही वाढलं. मग दुसरीचा, मग सगळ्यांचाच. मी थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि पाहिला.

तोंडातलेच आहेत. गोल, जांभळे, एकाला एक लागून माळ केलेले. हिरड्यांवर राहणारे, एरवी कुणाला फारसा त्रास न देणारे. मी त्यांच्याशी जवळजवळ रोज काम करते. यावेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले.

आज संवेदनक्षमतेचा रिपोर्ट आला. साधं पेनिसिलिन त्यांना पुरेसं आहे. किडनीला त्रास देणारं जड काही लागणार नाही. चार आठवडे शिरेतून. पहिला डोस मॅडमनी सुरू केलाय, तू पाहिलाच असशील. झडप किती खराब झाली आहे ते नंतर कळेल. पुढे ऑपरेशन लागेल की नाही, मला माहीत नाही. मॅडमनाही नाही. पण आता आपण अंदाजाने काही करत नाही आहोत. यकृत त्याचं काम करत राहील, आणि जिथे त्याचा हात पोचत नव्हता तिथे औषध पोचेल.

आईला दाजींसमोर जेवणाचा डबा उघडायला लाज वाटते, असं तू काल म्हणालीस. आज मी वर आले तेव्हा ती त्यांना विचारत होती, "तुमच्यात बी तिळाची पोळी करत्यात का हो?" दाजी म्हणाले, "करतात की. पण मोनिकाला जमत नाही." आई म्हणाली, "तिला कदी जमायची न्हाई. मी करून घालीन, बरी झाले की." मी खाली आले. तू खिडकीकडे तोंड करून उभी होतीस.

आईला मी विचारलं होतं, तुझे जंतू बघायचेत का. म्हणाली, "शी, अंगातनं काढल्यालं काय बघायचं." थोड्या वेळाने म्हणाली, "मोनीला दाव. तिला हौस."

काच अजून टेबलावर आहे. दुपारी माणसं जेवायला जातात तेव्हा ये. चपला बाहेर काढ, कशाला हात लावू नकोस. मी भिंग लावून ठेवते. आधी सगळं धुरकट दिसेल. बाजूची चकती हळू फिरवायची, थोडी पुढे, थोडी मागे, मग एकदम दिसतं.

एका वेळी एकालाच बघता येतं. तू बघ आणि काय दिसतं ते सांग. मी मधे बोलणार नाही.

ज्ञानू